यमनाक्काचं कर्ज आणि तत्सम तरस

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही रीतसर होत असे. वाघ भेकराला खायचा तोसुद्धा रीतसर. आधी डरकाळी, मग झडप, मग जेवण. त्यामुळे त्या जंगलात अन्याय म्हणून कधी झालाच नाही. जे काही झालं, ते नियमात बसवूनच झालं.

त्या जंगलात यमनाक्का नावाची एक साळिंदरीण राहत होती. टेकडीच्या कुशीत तिचं बीळ आणि बिळाशेजारी एक झरा. झरा एवढासा, पण भर वैशाखात न आटणारा. यमनाक्का रोज सकाळी त्यात पडलेली पानं काढायची, गाळ उपसायची, तोंडाशी सरकलेले दगड नीट बसवायची. हे काम तिच्याकडे तिच्या सासूकडून आलं होतं. येणारा जाणारा कोणीही तिथे पाणी प्यायचा. तिनं कधी कोणाला हटकलं नाही.

टेकडीखाली एक माळ होता, कोरडा ठणठणीत. यमनाक्काच्या मनात आलं, झऱ्यापासून माळापर्यंत चर खणला, तर तिथे करांदे लावता येतील, सुरण लावता येईल. तिनं स्वतःच्या पंजांनी खणायला सुरुवात केली. दोन वर्षांत वीस हात चर झाला. माळ चारशे हात लांब होता. तेव्हा तिनं हिशेब केला आणि रानडुकरांना कामावर घ्यायचं ठरवलं. रानडुकरं कामाला चांगली, पण उधारीवर मुस्काट खाली घालत नाहीत.

त्या जंगलात देणंघेणं मोहाच्या वाळलेल्या फुलांत चाले. चर खणायला तीनशे टोपल्या मोहफुलं लागणार होती. एवढी एकट्याकडे कोणाकडेच नव्हती. म्हणून तिघांनी मिळून द्यायचं ठरलं. केसोबा अस्वल निम्मी देणार होतं. उरलेल्यातली अर्धी दौलतराव सांबर आणि अर्धी खारींची भिशी. तिघांच्या वतीनं बोलायचं काम केसोबाकडे. तिघेही यमनाक्काच्या झऱ्यावर पाणी प्यायचे. पाच हिवाळ्यांत फेडायचं आणि तारण म्हणून झरा लिहून द्यायचा.

करारनामा भारद्वाजानं लिहिला. हा भारद्वाज पक्षी जंगलात वकिली करायचा. आडनावही भारद्वाजच, त्यामुळे पाटी स्वस्तात झाली होती.

मुलांनो, तुम्हाला मोठी माणसं सांगतात ना, की वाचल्याशिवाय कुठेही सही करू नये? यमनाक्कानं सगळा कागद वाचला. सव्वीस कलमं होती. पंचवीस तिला कळली. सव्विसाव्याशी ती अडली. त्यात लिहिलं होतं, ‘धनको आपला हक्क कर्ज देणाऱ्या अन्य मंडळीस किंवा तत्सम संस्थेस देऊ शकेल.’

“वकीलसाहेब, हे कशाला?” तिनं विचारलं.

“उद्या केसोबाला नड आली, तर तो आपला वाटा दुसऱ्या कोणाला देईल. तुमचं काय बिघडलं? तुम्ही तेवढंच फेडायचं.”

“कर्ज देणारी मंडळी कळली. तत्सम म्हणजे?”

“म्हणजे त्यांच्यासारखी.”

“मग तेवढंच लिहा की, कर्ज देणारी मंडळी. तत्सम कशाला?”

भारद्वाजानं चोच पुसली. “आक्का, तेवढंच लिहिलं की कलम उघडं उघडं वाटतं. तत्सम घातलं की कसं अंगभर कपडे घातल्यासारखं दिसतं.”

यमनाक्कानं सव्विसावं कलम पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, “तरस चालणार नाही, असं लिहा.”

ही भीती तिनं उगाच काढलेली नव्हती. नदीपलीकडे हसमुखराव नावाचा एक तरस राहायचा. दुसऱ्यानं मारलेलं आपण खायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. यमनाक्काच्या मावशीचं बीळ असंच त्याच्या घशात गेलं होतं. ते कसं गेलं, हे मावशीला शेवटपर्यंत कळलं नाही. हसमुखराव मात्र सगळ्यांशी हसून बोलायचा. त्याला दुसरं तोंडच करता येत नसे.

“नावानिशी असं लिहिणं सभ्यपणाचं नाही,” भारद्वाज म्हणाला. “त्यांना वाईट वाटेल. शिवाय तरस कधी कोणाला कर्ज देतो का? तो या कलमात येतोच कुठे?”

केसोबानंही मान हलवली. “बाई, मी आहे ना. मी कशाला विकतोय?”

“तरी पण माझी संमती घ्याल ना?”

“घ्यायचीच आहे,” भारद्वाजानं दाखवलं. “लिहिलंय इथे. ऋणकोची संमती घ्यावी. आठ दिवसांत उत्तर आलं नाही, तर संमती आहे असं समजावं.”

यमनाक्काला वाटलं, आठ दिवस पुष्कळ झाले. तिनं पंजा उमटवला.

चर झाला. पाणी माळावर गेलं. पहिल्या वर्षी करांदे आले, दुसऱ्या वर्षी सुरणही आला. दोन्ही हिवाळ्यांत यमनाक्कानं आपला माल देऊन मोहफुलं मिळवली आणि साठ साठ टोपल्या ठरल्या दिवशी केसोबाच्या गुहेसमोर मांडल्या. केसोबा सगळ्यांना सांगायचा, “ऋणको असावा तर असा.”

तिसऱ्या वर्षी करांद्यांवर अळी पडली. यमनाक्कानं पानंपान धुऊन काढलं, राख टाकली, दिवस दिवस वेलींपाशी बसून राहिली. तरी निम्मं पीक गेलं. तिनं ते लपवलं नाही. हप्त्याला महिना होता, तेव्हाच ती केसोबाकडे गेली.

“या हिवाळ्यात तीसच टोपल्या होतील, दादा. उरलेल्या पुढच्या वर्षी जास्तीच्या देते.”

“बघू की,” केसोबा म्हणाला. “तू कुठे पळून जातेस.”

यमनाक्का हलक्या मनानं घरी आली. केसोबा मात्र विचारात पडला. तो वाईट नव्हता, मुलांनो. त्याला उन्हाकडच्या बाजूची एक गुहा मिळत होती, कोरडी, ऐसपैस, आणि मालक तिची मोहफुलं लगेच मागत होता. अशा वेळी नदीपलीकडून हसमुखराव आला. केसोबाला कशाची नड आहे हे त्याला नेमकं कसं कळलं, कोण जाणे. तरसाचं नाक फार तिखट असतं.

“तुमचं येणं अडकलंय म्हणे,” हसमुखराव म्हणाला. “मी घेतो. दहाला चार देईन, पण आज.”

केसोबानं डोकं खाजवलं. दहाच्या जागी चार घ्यायचे म्हणजे नुकसान. पण ते चार डोळ्यांसमोर होते आणि दहा यमनाक्काच्या माळावर अळीच्या तोंडात. शिवाय जे उद्या बुडेल असं वाटतं, ते आज कमी भावात विकणं याला त्या जंगलात धोरण म्हणत.

“पण तुम्ही संस्था आहात का?” त्यानं विचारलं. कलम सव्वीस त्याला आठवत होतं.

“परवाच झालो,” हसमुखराव म्हणाला.

केसोबानं विकलं म्हटल्यावर दौलतराव सांबराची झोप उडाली. ज्याच्या जिवावर आपण दिलं तोच गेला, मग आपण कशाला थांबायचं? त्यानंही विकलं. खारींच्या भिशीनं तर भाव करायलाही वेळ घेतला नाही.

संमतीची नोटीस घेऊन टिटवी गेली. ती भर दुपारी यमनाक्काच्या बिळाच्या तोंडाशी ओरडली आणि परत आली. यमनाक्का तेव्हा माळावर अळ्या वेचत होती. आठ दिवस गेले. यमनाक्काची संमती आहे, असं समजण्यात आलं.

नवव्या दिवशी सकाळी ती झऱ्यावर आली तर तिथे हसमुखराव बसला होता. पाणी पीत नव्हता, नुसता बघत होता.

“या आक्का,” तो म्हणाला. “ओळख करून देतो. आता मी तुमचा केसोबा.”

यमनाक्काचे सगळे काटे उभे राहिले. पण हसमुखरावानं कागद पुढे केला आणि कागदावर काट्यांचा इलाज चालत नाही.

“हप्ता थकणार असं तुम्ही स्वतःच कबूल केलंय,” तो म्हणाला. “तेव्हा करारनाम्याप्रमाणे आता सगळी बाकी एकदम. एकशेऐंशी टोपल्या.”

“तीस तयार आहेत. आत्ता देते.”

“तीस मी घेत नाही. अर्धवट घेतलं की सवलत दिल्यासारखं होतं.”

“तुम्ही आजवर कोणाला चार फुलं तरी उसनी दिलीत का?”

“नाही,” हसमुखराव अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. “मी तत्सम आहे.”

यमनाक्का तशीच केसोबाकडे गेली. केसोबा नव्या गुहेत पाला पसरत होता. तिला पाहून तो जरा ओशाळला.

“विकलंत मला?” तिनं विचारलं.

“तुला नाही गं बाई. तुझं देणं विकलं.”

“फरक काय?”

केसोबानं विचार केला. “कागदावर बराच आहे,” तो म्हणाला आणि पुन्हा पाला पसरू लागला.

तेव्हा यमनाक्कानं धनेशापुढे दावा लावला. धनेश पक्ष्याच्या चोचीवर पिवळा शिरटोप असतो. एवढ्यावरच जंगलानं त्याला न्यायमूर्ती नेमलं होतं. भारद्वाजाला वकील करावं म्हणून यमनाक्का गेली, तर तो आधीच हसमुखरावाकडून उभा राहिला होता. कागद त्यानंच लिहिलेला. त्याचा अर्थ त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार, असं हसमुखरावाचं म्हणणं पडलं. मग यमनाक्का स्वतःच बोलली.

“महाराज, मला शिकल्यासारखं बोलता येत नाही. तत्सम म्हणजे त्यासारखा, असं मला सांगितलं होतं. कर्ज देणारा कसा असतो? तो आधी आपल्याजवळचं देतो. मग वाट बघतो. पीक बुडालं तर शिव्या देतो, पण पुढच्या वर्षी बघू म्हणतो, कारण मी जगले तरच त्याचं परत येणार. या हसमुखरावांनी मला काय दिलं? हे कशाची वाट बघतात? मी बुडावं, याचीच ना? मग हे त्यासारखे कसे?”

झाडाखाली जमलेल्या प्राण्यांत थोडी कुजबुज झाली. एक म्हातारी घोरपड तर म्हणाली, “खरंय की.” धनेशानं चोच आपटली.

“प्रतिवादीची संस्था कुठे आहे?” त्यानं विचारलं.

“वडाच्या ढोलीत,” भारद्वाज म्हणाला. “सुहास्य वनविकास मंडळी. ढोलीवर पाटी आहे.”

“सभासद?”

“हसमुखराव अध्यक्ष. चिटणीसही तेच. खजिनदाराची जागा सध्या रिकामी आहे. योग्य प्राण्याचा शोध सुरू आहे.”

“वनाचा विकास काय करता?”

“वनात जे जे अशक्त आहे, ते आम्ही काढून टाकतो,” हसमुखराव नम्रपणे म्हणाला.

धनेश तीन दिवस निकालाचा विचार करत बसला. चौथ्या दिवशी त्यानं तो वाचून दाखवला. तो असा होता. संस्था म्हणजे काय? जिला नाव आहे, जागा आहे आणि आकार आहे, ती संस्था. सुहास्य मंडळीला तिन्ही आहेत. तिनं स्वतः कर्ज दिलेलं असलंच पाहिजे, असं कलमात कुठे लिहिलेलं नाही. तिचा कर्जाशी काहीतरी संबंध असला म्हणजे पुरे. दुसऱ्यानं दिलेल्या कर्जात दात रुतवणं, हाही एक संबंधच आहे. ऋणकोच्या मनात जर ‘केसोबासारखा’ असं होतं, तर तिनं तसं लिहून घ्यायचं होतं. मनातलं वाचणं हे न्यायालयाचं काम नाही. पळस फुलेपर्यंत यमनाक्कानं एकशेऐंशी टोपल्या द्याव्यात, नाहीतर झरा मंडळीच्या ताब्यात जाईल.

सगळ्यांनी मान्य केलं, की निकाल भाषेच्या दृष्टीनं अतिशय स्वच्छ होता.

यमनाक्का घरी आली आणि झऱ्याकाठी बसली. पळसाला कळ्या धरायला दीड महिना होता. हसमुखरावाला झऱ्याचं पाणी नको होतं, हे तिला ठाऊक होतं. पलीकडच्या रानात रेड्यांचा एक कळप होता. त्यांना बाराही महिने लोळायला एक डबकं हवं होतं. हसमुखराव झरा त्यांना विकणार होता. रेडे एकदा उतरले की झऱ्याचा चिखल व्हायला एक दिवस पुरे. मग माळही गेला आणि भेकरा-सशांचं पाणीही.

समोर पाण्यात एक पान पडलं. सवयीनं तिनं ते काढायला पंजा पुढे केला. आणि पंजा तसाच थांबला.

तो मागे घेताना तिला फार जड गेलं. आयुष्यात तिनं जाणूनबुजून केलेलं हे पहिलं वाईट काम होतं. पण तिनं पंजा मागे घेतला, बिळात गेली आणि त्या दिवसापासून झऱ्याकडे फिरकली नाही.

मुलांनो, झरा नुसता देवाचा असतो, असं आपल्याला वाटतं. त्याच्या तोंडाशी रोज कोणीतरी वाकलेलं असतं, हे आपल्या लक्षात येत नाही. पंधरा दिवसांत पानं कुजून गाळ झाला. दगड सरकले. धार बारीक झाली, मग नुसती ठिबकू लागली. एक भेकरी पिल्लाला घेऊन आली, दगड चाटून परत गेली. यमनाक्कानं ते बिळातून पाहिलं. त्या दिवशी ती जेवली नाही. पण बाहेरही आली नाही.

रेड्यांचा म्होरक्या झरा बघायला आला. त्यानं एक खूर ओला करायचा प्रयत्न केला आणि निघून गेला. जंगलभर बातमी पसरली, की साळिंदरणीचा झरा मेला.

हसमुखरावाचं हसू तसंच राहिलं, पण ढोलीतल्या त्याच्या येरझाऱ्या वाढल्या. आटलेला झरा आणि न मिळणाऱ्या एकशेऐंशी टोपल्या, दोन्ही त्याच्या गळ्यात पडणार होती. त्यानं केसोबाला विचारून पाहिलं, परत घेता का? केसोबा म्हणाला, “छे, छे. ते प्रकरण फार नाजूक आहे.”

इकडे यमनाक्का भारद्वाजाकडे गेली.

“संस्था काढायला काय लागतं हो?”

“नाव, जागा आणि माझी फी,” भारद्वाज म्हणाला. कोणाची संस्था, कशासाठी, हे त्यानं विचारलं नाही. त्याचा तो नियमच होता.

यमनाक्काच्या शेजारी गुणाजी नावाचं एक खवले मांजर राहत होतं. गुणाजी अत्यंत बुजरा. वारुळात जीभ घालून वाळवी खायची आणि कोणी दिसलं की अंगाचा गोळा करून पडून राहायचं, एवढाच त्याचा संसार. त्याचं आणि यमनाक्काचं वर्षाकाठी चार वाक्यं बोलणं व्हायचं. पण मागे ती आजारी होती, तेव्हा पंधरा दिवस तिच्या बिळाशी कोणीतरी कंद आणून ठेवत होतं. ठेवणाऱ्यानं कधी तोंड दाखवलं नाही. यमनाक्कानंही कधी विचारलं नाही.

“गुणाजी, तू अध्यक्ष होशील का?” तिनं विचारलं.

गुणाजीनं अंगाचा गोळा केला.

“बोलायचं काही नाही. तरस येईल. त्याच्यासमोर बसून राहायचं.”

बऱ्याच वेळानं गोळ्यातून आवाज आला, “नुसतं बसायचं?”

“नुसतं.”

अशा रीतीनं वारूळ हितचिंतक सभा स्थापन झाली. नाव होतं, वारूळ होतं आणि आकार तर अध्यक्षांइतका स्पष्ट जंगलात दुसऱ्या कोणाचाच नव्हता. भारद्वाजानंच हसमुखरावाला सांगितलं, की एक गिऱ्हाईक आहे. हसमुखराव वारुळापाशी आला.

“नव्वद टोपल्या,” तो म्हणाला.

अध्यक्ष गोळा होऊन बसले.

हसमुखरावानं अनेक गिऱ्हाइकं पाहिली होती. पण भाव ऐकून पाठ फिरवणारं, आणि तीही चारी बाजूंनी फिरवणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं. तो साठावर आला. गोळा आणखी घट्ट झाला. तो पंचेचाळीसवर आला. गोळ्यावरचा एक खवलाही हलला नाही.

“तीस,” हसमुखराव शेवटी म्हणाला. “याखाली मेलो तरी येणार नाही.”

त्याच वेळी एक वाळवी गुणाजीच्या शेपटीखाली शिरली. शेपूट किंचित हललं. हसमुखरावानं ती संमती समजली. जंगलात संमती समजून घ्यायची पद्धत होतीच. यमनाक्कानं हप्त्यासाठी बाजूला ठेवलेल्या तीस टोपल्या वारुळामागून पुढे आल्या. कागद गुणाजीच्या नावावर झाला.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच यमनाक्का झऱ्यावर गेली. तिनं गाळ उपसला, पानं काढली, दगड बसवले. दुपारपर्यंत धार सुरू झाली. भेकरी पुन्हा आली, पिल्लासकट. यमनाक्कानं तिच्याकडे पाहिलं नाही. पाहायचा धीर झाला नाही.

बातमी कळताच हसमुखराव धावत धनेशाकडे गेला. हसण्याची सवय असल्यामुळे तो रडतोय हे कोणाला कळलं नाही.

“महाराज, ही फसवणूक आहे. तो खवल्या कसली संस्था? वारुळात तोंड घालणारा प्राणी तो. त्यानं कोणाला कर्ज दिलंय? आणि त्याच्यामागे ती ऋणको आहे. ऋणकोच धनको झाली, तर जगात काय राहिलं?”

भारद्वाज या वेळी दोन्ही बाजूंनी उभा होता. बोलणं झालं की फक्त फांदी बदलायचा.

धनेशानं आपलाच जुना निकाल मागवला आणि तो नवीन असल्यासारखा वाचला. नाव आहे. जागा आहे. आकार आहे, आणि तो न्यायालयानं चारी बाजूंनी पाहिला आहे. कर्ज दिलेलं असण्याची अट नाही. आणि कर्जाशी संबंध म्हणाल, तर ऋणकोपेक्षा जवळचा संबंध कोणाचा असणार? दावा फेटाळण्यात येत आहे.

हसमुखराव नदीपलीकडे गेला. जाताना त्यानं सगळ्यांना सांगितलं, की जंगलात आता सचोटी उरली नाही.

त्यानंतर यमनाक्काला उठता बसता मान मिळू लागला. प्रामाणिकपणे दोन हप्ते फेडले, तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं. आता खारी तिचं उदाहरण पिल्लांना देत. दौलतराव सांबर सल्ला घेऊन गेला. केसोबा पाणी प्यायला आला आणि तोंड पुसत म्हणाला, “मला माहीत होतं, बाई, तू मार्ग काढशील. म्हणून तर मी निर्धास्तपणे विकलं.” त्याचं पिऊन झाल्यावर यमनाक्कानं त्यानं गढूळ केलेलं पाणी निवळायची वाट पाहिली.

पण तिच्या मनाला स्वस्थता नव्हती. कागदावर आता तिचा धनको गुणाजी होता. एकशेऐंशी टोपल्यांचं येणं त्याचं आणि तारणातला झराही त्याच्याकडे. त्यानं तो कागद विकला तर कलम त्याच्या बाजूचं होतं. केसोबाची पंधरा वर्षांची ओळख एका गुहेत संपली होती. मग गुणाजीशी तर वर्षाकाठी चारच वाक्यं. कागद माग, असं तिला रोज वाटायचं. पण मागितला तर त्याच्यावर संशय घेतल्यासारखं होईल, म्हणून ती वारुळापर्यंत जायची आणि परत यायची. शेजाऱ्यावरचा संशय ही गोष्ट तिला पूर्वी माहीत नव्हती. ती या कर्जाबरोबर घरात आली होती आणि तिचा हप्ता नव्हता.

निकालानंतर चौथ्या दिवशी दुपारी गुणाजी स्वतःच आला. तोंडात कागद होता. तो त्यानं तिच्यासमोर ठेवला.

“आक्का, तो तरस काल परत आला होता,” तो म्हणाला. “झरा वाहतोय म्हणाला. शंभर देतो म्हणाला.”

“मग?”

“मी गोळा झालो.”

“नंतर?”

“नंतर दीडशे म्हणाला. मग काय काय म्हणाला, मला आतून नीट ऐकू आलं नाही. संध्याकाळी गेला.” गुणाजीनं कागद आणखी पुढे सरकवला. “हे तुझं तू ठेव. मला घरात नको. याच्यामुळे लोक येतात.”

आणि वर्षाची चार वाक्यं केव्हाच ओलांडली गेली म्हणून तो घाईघाईनं निघून गेला.

यमनाक्का कागदाकडे बघत राहिली. सव्वीस कलमं, तीन धनकोंचे ठसे, तरसाचा ठसा, गुणाजीच्या नखाची एक ओरखडलेली रेघ आणि सगळ्यात खाली तिचा स्वतःचा पंजा. तिनं इकडे तिकडे पाहिलं. मग पहिल्या कलमापासून कागद कुरतडायला सुरुवात केली. पंचवीस कलमं मऊ लागली. सव्विसावं जरा चिवट होतं. तिनं ते बराच वेळ चावलं आणि झऱ्याच्या पाण्याबरोबर गिळून टाकलं.

मग ती माळावर गेली. करांद्यांना नवीन कोंब आले होते आणि अळ्या वेचायच्या राहिल्या होत्या.

तात्पर्य : मुलांनो, सही करण्यापूर्वी कागद वाचावा, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. कागद नुसता वाचता येऊन भागत नाही, तो पचवता आला पाहिजे.